नोडमध्ये रॅबिटएमक्यू वापरताय? एवढं बघून घ्या

ऑर्डर आली की बिलाची पीडीएफ आणि ईमेल त्याच रिक्वेस्टमध्ये उरकायचा हट्ट कशाला? काम रांगेत टाका, ग्राहकाला लगेच उत्तर द्या. बाकीचं वर्कर बघेल. नोड जेएससाठी 'एएमक्यूपीलिब' ही लायब्ररी त्यासाठी उत्तम.

🔹 टिकाऊपणा: 'असर्टक्यू'ने केलेली क्यू मुळातच ड्युरेबल असते, पण मेसेज नाही. 'सेंडटूक्यू'ला 'पर्सिस्टंट: ट्रू' दिलं नाही, तर ब्रोकर रीस्टार्ट झाल्यावर क्यू शिल्लक आणि मेसेज गायब!

🔹 अ‍ॅक: काम पूर्ण झाल्यावरच द्या. अ‍ॅकआधी वर्कर पडला तर मेसेज पुन्हा रांगेत येतो. म्हणजे तोच मेसेज दोनदा येऊ शकतो. ऑर्डर क्रमांक तपासा, नाहीतर ग्राहकाला दोन बिलं जातील.

🔹 नॅक: काही न सांगता नॅक केलं, तर मेसेज परत रांगेत जातो. डेटाच खराब असेल तर हे चक्र थांबतच नाही. रीक्यू बंद करा आणि असे मेसेज डेड लेटर क्यूकडे वळवा.

🔹 प्रीफेच: मर्यादा घातली नाही तर ब्रोकर सगळी रांग एकाच वर्करच्या गळ्यात मारू शकतो. 'प्रीफेच(१०)'पासून सुरुवात करा, मग मोजून वाढवा.

🔹 कनेक्शन: ही लायब्ररी तुटलेलं कनेक्शन आपणहून जोडत नाही. 'एरर' आणि 'क्लोज' हे दोन्ही इव्हेंट ऐका आणि पुन्हा जोडणी स्वतः लिहा.

प्रॉडक्शनला जाण्याआधी एकदा वर्कर मुद्दाम मारून बघा. मेसेज परत आला, तरच डिप्लॉय करा.