गाजर आणि वजनाचे गणित

गाजर खाल्ल्याने चरबी ‘जळते’, हा समज खरा नाही. 100 ग्रॅम कच्च्या गाजरात सुमारे 88 ग्रॅम पाणीच असते. त्यापासून मिळणारी ऊर्जा सुमारे 41 किलोकॅलरी; तंतुमय चोथा मात्र जवळजवळ 3 ग्रॅम. म्हणून पोट भरते, पण ऊर्जा थोडीच मिळते. याच गाजराच्या हलव्यात 15 ग्रॅम तूप व 25 ग्रॅम साखर घातली, की आणखी सुमारे 235 किलोकॅलरींची भर पडते!

स्निग्ध पदार्थ अगदीच वगळू मात्र नयेत. नारिंगी गाजरातील बीटा-कॅरोटीन थोड्या तेलासोबत चांगले शोषले जाते. त्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व बनवते.

आणि प्रथिने? ती 1 ग्रॅमहूनही कमी! म्हणून वाढत्या वयात केवळ गाजरांवर राहू नये. ताटातली डाळ-भाकरी तशीच ठेवून, तळणाच्या जागी कोशिंबीर घ्यावी.