काचेवरची रेषा का थरथरते?

तुमच्यापैकी अनेकांना चित्रे काढण्याचा नाद असेल. कोणी एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी करीत असेल, तर कोणी वहीच्या मागच्या पानावर माणसांचे चेहरे काढीत असेल. समजा, अशा एका मुलाच्या घरी अभ्यासासाठी स्वस्तातला टॅब येतो. मग तो रबरी टोकाचे साधे पेन आणतो आणि काचेवर चित्र काढू लागतो. पण काय आश्चर्य! कागदावर सरळ येणारी रेषा येथे नागमोडी येते. हात टेकला की भलतीकडेच ठिपके उमटतात. रेषा पेनाच्या मागून रेंगाळत येते. दोन-चार दिवसांत मुलगा टॅब बाजूला ठेवतो. ‘आपल्याला हे जमत नाही,’ असे त्याला वाटते.

पण दोष खरोखर त्याच्या हाताचा असतो का? हे ठरवण्याआधी आपण एक साधा प्रश्न विचारू. पेनाचे टोक नेमके कोठे टेकले आहे, हे काचेला कळते तरी कसे?

काचेखालची जाळी

बहुतेक टॅबच्या काचेखाली इंडियम-टिन ऑक्साइड या पदार्थाच्या अतिशय पातळ पट्ट्यांची जाळी असते. हा पदार्थ विजेचा वाहक असून पारदर्शकही आहे, म्हणून जाळी आपल्याला दिसत नाही. काही पट्ट्या आडव्या, तर काही उभ्या असतात. जेथे त्या एकमेकींना ओलांडतात तेथेही त्या परस्परांना टेकत नाहीत. मध्ये विसंवाहक थर असतो. दोन वाहक आणि त्यांच्यामध्ये विसंवाहक, ही रचना वरच्या वर्गातील मुलांच्या ओळखीची असेल. हेच धारित्र, म्हणजे कपॅसिटर. टॅबच्या काचेखाली अशी शेकडो चिमुकली धारित्रे ओळीने मांडलेली असतात.

आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्यामुळे तेही विजेचे वाहक आहे. बोट काचेला टेकले की त्या जागेच्या विद्युत् क्षेत्राचा थोडा भाग बोटाकडे वळतो आणि तेथील धारित्राची धारकता किंचित कमी होते. हा फरक एका पिकोफॅरडच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. एक पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग! टॅबमधील इलेक्ट्रॉनिक मंडल दर सेकंदाला साठ किंवा त्याहून अधिक वेळा सगळी जाळी तपासून हा फरक हुडकते. बोटाने चालणाऱ्या अशा पडद्याची कल्पना इंग्लंडमधील मॅलव्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये काम करणारे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ साली मांडली.

काच हिशेब करते

आता खरी गंमत पाहा. या पट्ट्यांमधले अंतर साधारणपणे ४ ते ५ मिलिमीटर असते. मग पडद्यावर बारीक रेषा कशी उमटते? काच येथे चक्क गणित करते.

समजा, तीन पट्ट्या पडद्याच्या कडेपासून २०, २५ आणि ३० मिलिमीटरवर आहेत. बोट टेकल्यावर त्यांच्यावर अनुक्रमे १०, ६० आणि ३० इतका परिणाम झाला. गुरुत्वमध्य काढण्याची रीत तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक अंतराला त्याच्या परिणामाने गुणा, बेरीज करा आणि एकूण परिणामाने भागा.

(२०×१० + २५×६० + ३०×३०) ÷ १०० = २६

म्हणजे बोटाचा मध्य २६ मिलिमीटरवर आहे. तेथे कोणतीही पट्टी नाही, तरीही काचेला जागा कळली! बोट रुंद असल्यामुळे एका वेळी दोन-तीन पट्ट्यांवर त्याचा परिणाम होतो, म्हणूनच हे शक्य झाले.

आता बोटाऐवजी अगदी बारीक टोक घ्या. ते २६ मिलिमीटरवर टेकले तरी परिणाम बहुतांशी एकाच पट्टीवर होतो. समजा आकडे ०, १०० आणि ० असे आले, तर उत्तर येते २५. टोक २४ वर असले तरी उत्तर २५ आणि २६ वर असले तरी २५. म्हणजे रेषा पट्टीपाशी रेंगाळते आणि मग एकदम पुढच्या पट्टीकडे झेप घेते. रेषेत लाटा येतात त्या अशा.

स्वस्त पेनाचे टोक एवढे जाड का असते, हेही आता लक्षात येईल. ते वाहक रबराचे असते आणि बोटाची नक्कल करते. हातातून टोकापर्यंत वाहक मार्ग हवा म्हणून पेनाची नळी बहुधा धातूची असते. काही पेनांना बारीक टोक व त्याभोवती पारदर्शक चकती असते. चकतीमुळे स्पर्शाचे क्षेत्र मोठे राहते आणि टोक कोठे आहे तेही डोळ्यांना दिसते.

हाताचा दोष की काचेचा?

याचा निवाडा तुम्ही घरीच करू शकता. चित्र काढण्याच्या प्रोग्राममध्ये रेषा आपोआप गुळगुळीत करण्याची सोय असेल तर ती बंद करा. पडद्यावर प्लॅस्टिकची फूटपट्टी थोडी तिरकी, आडव्या दिशेशी वीसेक अंशांचा कोन करून ठेवा. धातूची घेऊ नका, कारण तीही वाहक आहे. फूटपट्टीची दोन्ही टोके मित्राला पडद्याच्या बाहेर धरायला सांगा. आता तिच्या कडेने पेन अगदी सावकाश ओढा.

फूटपट्टी लावूनही रेषेत लाटा आल्या आणि त्या सारख्या अंतराने आल्या, तर तो दोष तुमच्या हाताचा नव्हे; हाताची थरथर इतकी नियमित नसते. आता रेषा उभ्या दिशेने एकूण किती मिलिमीटर चढली ते मोजा आणि त्याला लाटांच्या संख्येने भागा. उत्तर ४ किंवा ५ च्या जवळ आले, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या पट्ट्यांमधले अंतर तुम्ही फूटपट्टीने मोजलेत!

पट्ट्या अधिक दाट का लावत नाहीत, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९६४ साली चित्रे व अक्षरे काढण्यासाठी जी पाटी तयार केली, तिच्यात दर इंचाला सुमारे १०० रेषांची जाळी होती. पण ती पाटी फार महाग होती आणि लेखणीसाठीच बनवलेली होती. स्वस्त टॅब बनवला जातो तो बोटासाठी. बोटाला एवढी दाट जाळी लागत नाही.

बोलणारी पेने

महाग पेने निराळ्या तत्त्वावर चालतात. एका प्रकारात पेनात बॅटरी असते आणि टोकातून विद्युत् संकेत निघतात. पट्ट्या ते ऐकतात. हात आणि पेन यांतला फरक पडद्याला कळतो, म्हणून टेकलेल्या तळव्याकडे तो दुर्लक्ष करू शकतो. टोकावरचा दाबही पेन कळवते. दाबाच्या ४०९६ पायऱ्या असतात असे जाहिरातीत लिहिलेले आढळते. ही संख्या म्हणजे २ चा बारावा घात.

दुसऱ्या प्रकारच्या पेनाला बॅटरीच लागत नाही. पडद्यामागचा फलक बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पेनातील वेटोळे आणि धारित्र त्याच वारंवारतेला अनुस्पंदन पावतात. योग्य वेळी धक्के दिले की झोका उंच जातो, तसेच हे. फलक क्षणभर थांबतो आणि पेनाचा प्रतिसाद ऐकतो. जपानमधील वॅकॉम कंपनी याच तत्त्वामुळे प्रसिद्ध झाली.

मात्र एक गोष्ट विसरू नका. या दोन्ही प्रकारांत टॅबमध्येही तशी योजना असावी लागते. ‘कोणत्याही पडद्यावर चालते’ असे सांगून विकले जाणारे बॅटरीचे पेन बहुधा फक्त बोटाची नक्कल करते. त्याला दाब कळत नाही, आणि साध्या टॅबला तळवाही वेगळा ओळखता येत नाही. म्हणून आईवडिलांकडे पैसे मागण्याआधी टॅबच्या माहितीपुस्तकात कोणते पेन चालते ते वाचा.

आहे त्यात कसे काढावे?

तोपर्यंत साध्या पेनाने काम अडत नाही. पहिली युक्ती : चित्र चौपट मोठे करून रेषा काढा. पडद्यावर १ मिलिमीटरची लाट आली, तरी मूळ चित्रात ती पाव मिलिमीटरच राहील. दुसरी : रेषा कोरत बसू नका, मनगट किंवा कोपर हलवून एका झटक्यात ओढा, सावकाश काढलेल्या रेषेत लाटा अधिक उठून दिसतात. तिसरी : करंगळी आणि तळव्याची कड झाकेल असा कोरडा, जाड सुती मोजा हातात घाला. मधल्या कापडामुळे तळवा काचेपासून दूर राहतो आणि नको ते ठिपके उमटत नाहीत.

रेषा मागे राहते त्याचेही गणित आहे. जाळी तपासणे, हिशेब करणे आणि चित्र उमटवणे यांत समजा एक दशांश सेकंद गेला आणि तुमचा हात सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने फिरत असला, तर रेषा पेनाच्या २ सेंटिमीटर मागे राहील. अशा वेळी रेषेच्या शेंड्याकडे पाहू नका. रेषा जेथे न्यायची आहे त्या बिंदूवर नजर ठेवा.

तेव्हा टॅब बाजूला ठेवलेल्या त्या मुलाला फूटपट्टीचा प्रयोग करायला सांगा. तुम्हीही करा. तुमच्या टॅबच्या पट्ट्यांमधले अंतर किती आले ते वहीत नोंदवा आणि वर्गातील इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग तेच चित्र पुन्हा एकदा काढायला बसा.