रीबॉर्न बाहुलीसाठी ओव्हन घेताय? आधी हे ऐका

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण तुमच्यापैकी काही जणांनी रील्स बघून किट मागवलेलं असणार, त्यामुळे बोलायलाच हवं. ज्यांनी हा शब्दच ऐकला नाही त्यांच्यासाठी: नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी हुबेहूब दिसणारी बाहुली म्हणजे रीबॉर्न. १९९० च्या दशकात अमेरिकेत हा छंद वाढला. व्हिनाइलचं कोरं डोकं, हात आणि पाय मिळतात, त्यावर आपण त्वचा रंगवायची. निळसर शिरा, लालसर डाग, नखं, ओठ. एकेक थर इतका पातळ असतो की नुसता तो एकटा दिसतही नाही. असे १५-२० किंवा जास्तच थर चढले की मग ते बाळ वाटायला लागतं.

आता यात ओव्हन कुठून आला? तर बरेच कलाकार जेनेसिस नावाचे ऑइल रंग वापरतात. हे रंग हवेवर वाळत नाहीत, उष्णतेने पक्के होतात. म्हणजे तुम्ही तासभर एका कानावर काम करा, नाही जमलं तर पुसून टाका, पुन्हा करा. मनासारखं झालं की ओव्हनमध्ये घालायचं, तो थर पक्का. मग त्यावर पुढचा. थोडक्यात, जितके थर तितक्या वेळा ओव्हन.

साधारण १३० अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटं, असं गणित बहुतेक जण धरतात. तुमच्या रंगाच्या आणि किटच्या सूचनेत वेगळं लिहिलं असेल तर ते माना. आणि इथे एक मोठा खड्डा आहे. अमेरिकन व्हिडिओमध्ये बाई म्हणते, “ओव्हन २६५ वर लावा.” ते फॅरनहाइट! आपल्याकडच्या ओटीजीचा नॉब सेल्सिअसमध्ये असतो आणि बहुधा २५० ला संपतो. एखाद्याने “जवळपास तेवढंच” म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवला, तर आतलं बाळ गेलंच, वर घरभर धूर.

कारण व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, मऊ केलेलं. १३० अंशांना ते आधीच लुसलुशीत झालेलं असतं, हात लावला तर बोट उमटेल. अजून थोडं वर गेलं की पृष्ठभागावर तेलकट चकाकी येते, मग पिवळट-तपकिरी छटा. त्याहून जास्त तापलं तर पीव्हीसीचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइडची तिखट, झोंबणारी वाफ निघते. उलट, तापमान कमी पडलं तर रंग चिकट राहतो आणि पुढचा थर लावताना खालचा उचलला जातो. म्हणजे आपल्याला मोकळी जागा फारच थोडी आहे. ओव्हन निवडताना खरा प्रश्न हाच: हे यंत्र १३० म्हटल्यावर १३० च्या आसपास राहतं का, आणि आत सगळीकडे राहतं का? लाइट, रोटिसरी, टच पॅनेल हे सगळं आपल्या कामासाठी बिनकामाचं.

मग ओटीजी कसा वागतो ते बघू. वर रॉड, खाली रॉड. थर्मोस्टॅट रॉड चालू करतो, हवा तापली की बंद करतो, थंड झाली की परत चालू. त्यामुळे आतलं तापमान एका आकड्यावर स्थिर नसतं, वर-खाली झुलत राहतं. साध्या, स्वस्त ओटीजीत हा झोका मोठा असू शकतो. केकला चालतं हो, केक समजूतदार असतो. व्हिनाइल नाही.

दुसरी भानगड रॉडची. रॉड लाल झाला की त्याच्यातून थेट धग येते, जशी शेकोटीसमोर बसल्यावर तोंडाला लागते आणि पाठ गारच राहते. हवेचं तापमान १३० असेल, पण रॉडच्या अगदी जवळ असलेला नाकाचा शेंडा किंवा पायाचा अंगठा त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. बाळाचं नाक चमकतंय आणि गाल ओले आहेत, असं दिसलं तर समजा की दोष रंगाचा नाही, अंतराचा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पंखा असलेला, म्हणजे कन्व्हेक्शनवाला ओटीजी घ्या, आणि वरचा-खालचा रॉड वेगवेगळा चालू करता येईल असा घ्या. पंख्यामुळे हवा फिरते आणि कोपऱ्यातला फरक कमी होतो. वरचा रॉड बंद, खालचा चालू, पंखा चालू, पूर्ण तापू द्यायचं, मग बाळ आत. खालच्या धगीला अडवायला भाग ट्रेमध्येच ठेवायचे. वरचा रॉड बंद करताच येत नसेल तर वरच्या खाचेत एक रिकामा ट्रे सरकवा, छत्रीसारखा. पण रॉडला फॉइल गुंडाळणं वगैरे प्रकार अजिबात नको.

आकाराबद्दल. दुकानदार लिटर सांगतो: १६, २८, ३५. लिटरमधून उंची कळत नाही! नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी असतो, म्हणजे व्यास ११ सेंमी. त्याला मान जोडा, कारण डोकं मानेच्या भोकावर उभं ठेवायचं असतं. वर रॉडपासून आणि बाजूच्या भिंतींपासून ५-५ सेंमी तरी मोकळी हवी, हा माझा हिशोब. दुकानात जाताना मोजपट्टी न्या आणि ट्रेपासून वरच्या रॉडपर्यंतची आतली उंची मोजा. ऑनलाइन घेत असाल तर लक्षात ठेवा, तिथे बहुतेक वेळा बाहेरची मापं दिलेली असतात. पूर्ण लांबीचे पाय असलेलं किट असेल तर रुंदीही बघा. दोन्ही पाय एकमेकांना चिकटले तर तिथे डाग राहतो.

अमेरिकेत या छंदात न्यूवेव्हचा इन्फ्रारेड ओव्हन बराच वापरला जातो. गोल, पारदर्शक घुमट, वरून उष्णता आणि पंखा. बेक होताना सगळं दिसतं, हा त्याचा मोठा फायदा. पण त्याच्या जुन्या मॉडेलवर अंश नाहीत, १ ते १० असे पॉवरचे आकडे आहेत, आणि तो तिथल्या १२० व्होल्टचा. भाऊ-बहीण न्यू जर्सीला असतील तर “येताना घेऊन ये” म्हणू नका. इथल्या २३० व्होल्टला तो चालवायचा तर जाडजूड ट्रान्सफॉर्मर लागेल. त्याच जातीचा काचेच्या भांड्याचा हॅलोजन ओव्हन वापरता येतो, फक्त दिवा थेट टाळूच्या वर असतो, त्यामुळे उंची वाढवणारी रिंग मिळत असेल तरच विचार करा.

एअर फ्रायर? बास्केटमध्ये डोकं जेमतेम मावतं आणि कॉइल वर खेटूनच. नको. मायक्रोवेव्ह तर नाहीच, त्याच्या कन्व्हेक्शन मोडवरही नाही. कारण पुढचा मुद्दा.

घरातला, खाण्याचा ओव्हन यासाठी वापरायचा नाही. “एकदाच करते, मग पुसून घेते” हेही नको. गरम व्हिनाइलमधून आणि रंगातून निघणारी वाफ आतल्या भिंतींवर बसते, आणि उद्या त्याच डब्यात नानखटाई भाजली जाते. वन बीएचकेमध्ये दुसरा ओव्हन ठेवणं जड जातं, मान्य. आई विचारणार, “अजून एक कशाला?” तिला हेच कारण सांगा, पटेल. वापरलेला ओटीजी स्वस्तात मिळाला तरी चालेल, पण त्यावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: खाण्यासाठी नाही. जागा खिडकीजवळ किंवा कोरड्या बाल्कनीत. लहान मूल, गरोदर बाई, पिंजऱ्यातले पक्षी त्या खोलीत नकोत.

आणि जागा खरंच नसेल तर? हवेवर वाळणारे अ‍ॅक्रिलिक रंग घ्या. रंग लवकर वाळतो म्हणून हात भरभर चालवावा लागतो, पण ओव्हनच लागत नाही. त्यात कमीपणा काही नाही.

विजेचं पटकन. १५०० वॉटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो, म्हणजे मोठा, १६ अँपिअरचा सॉकेट हवा. एक्स्टेंशन बोर्ड नको. बिलाची चिंता करू नका: अर्धा तास चालला तरी जास्तीत जास्त पाऊण युनिट.

ओव्हन घरी आला की लगेच डोकं आत घालू नका. काही शे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर घ्या, नॉबवर विश्वास ठेवू नका. जिथे डोकं येणार त्या उंचीवर तो ठेवा, १३० ला लावा, गरम झाल्यावर पुढची २० मिनिटं दर दोन मिनिटांनी आकडा लिहा. नॉब १३० म्हणतोय आणि थर्मामीटर १५० दाखवतोय, तर नॉब मागे घ्या आणि खरी १३० जिथे येते तिथे खूण करा. मग मागे, पुढे, डावीकडे, उजवीकडे ठेवून तेच. आकडा सतत २०-२५ अंशांनी झुलत असेल तर तो ओव्हन परत करा, म्हणूनच रिटर्नची मुदत संपायच्या आत हे करायचं.

नंतर एखादा फालतू व्हिनाइलचा हात, त्यावर रंगाचा एक थर, आणि खरी बेकिंग. ट्रेमध्ये सुती पंचाची घडी ठेवा, नुसत्या जाळीवर ठेवलं तर मऊ व्हिनाइलवर तारांचे वळ उमटतात. पंचाचं टोक ट्रेबाहेर लोंबू देऊ नका. वेळ झाली की ओव्हन बंद, दार उघडं, आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गार झाल्यावर बोटाने घासून बघा: रंग निघाला नाही, चकाकी आली नाही, आकार बदलला नाही, तर ओव्हन पास. तोपर्यंत किट खोक्यातच राहू द्या.