ओरडून थांबणारा चाळा नव्हे

मैत्रिणींनो, मूल सारखं मान झटकतं तेव्हा आपण ओरडतो, "बंद कर पाहू!" मी तर चौथीतल्या एका मुलाला त्यापायी वर्गाबाहेर उभं केलं होतं. पण शिंकेआधी नाक हुळहुळतं ना, तशीच त्याला आधी आतून ऊर्मी येते. अ‍ॅझरिन आणि नन यांनी १९७३ मध्ये यावर सवय पालटण्याची पद्धत मांडली. ऊर्मी ओळखायची आणि ती ओसरेपर्यंत हनुवटी किंचित खाली घेऊन मान हळूच ताठ धरायची. २०१० साली अमेरिकेत १२६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हा उपचार मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना दहा आठवड्यांत उतार पडला. समूळ जातंच असं नाही हं! सराव तज्ज्ञांकडून शिकावा. घरात झटक्याकडे काणाडोळा करावा, सरावाला मात्र शाबासकी द्यावी. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी फक्त उन्हात उभं केलं.