डब्यातला उन्हाळा

मेकॅनिकलच्या पोराने कॉम्प्युटरवर लेख लिहिला म्हणून कॉम्प्युटर ब्रँचवाले हसणार, हे माहीत आहे. पण हा लेख प्रोसेसर किंवा रॅमबद्दल नाहीच. ज्या डब्याला आपण सगळे चुकून 'सीपीयू' म्हणतो, त्या डब्याबद्दल आहे. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतो. असेंबल्ड पीसी घेताना यादीत ते सगळ्यात शेवटी असतं, उरलेल्या पैशात बसेल ते घ्यायचं. आमचंही तसंच झालं, आणि निवडलं होतं मी.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी आम्ही चौघांनी मिळून मशीन घेतलं. लॅब संध्याकाळी बंद व्हायची आणि आमचं सीएफडीचं एकेक सिम्युलेशन तीस-तीस तास चालायचं. चौघांचे वाटे सारखे. माझ्या रूम पार्टनरचा वाटा घरच्या कापसाच्या पैशातून आला होता. त्याने तो दोनदा मोजून दिला, हे मला अजून आठवतं. बर्डीवर गेलो. दुकानात दोन कॅबिनेट एकाच किमतीची. एक साधं, पुढे काळी जाळी. दुसऱ्याला पुढे अख्खी काच आणि आत रंगीबेरंगी लाइटचे तीन फॅन. "भाऊ, सगळे हेच नेऊन राह्यले," दुकानदार म्हणाला. मी काचेवर बोट ठेवलं.

एप्रिल उजाडला. नागपूरचा एप्रिल, वेगळं काय सांगू? रूममध्येच पारा ३८ वर. फायनल रिव्ह्यूला सहा दिवस उरले होते. सिम्युलेशनचा सव्विसावा तास, आणि मशीन फटकन बंद! डिस्क भरू नये म्हणून मधले निकाल साठवायचेच नाहीत, अशी सेटिंग आम्हीच केलेली. सगळं पाण्यात. आणि खोटं कशाला बोलू, सिम्युलेशन चालू असताना त्याच मशीनवर माझा गेमही सुरू होता. पार्टनर काहीच बोलला नाही, तेच जास्त लागलं.

सकाळी त्यानेच पुढची काच ओढून काढली आणि म्हणाला, "अबे, समोरून काच लावली तर आत हवा येईन कुठून बे?"

काच काढून तेच काम परत लावलं, फक्त गेम न खेळता. आधी गेमशिवायही प्रोसेसर ९५ अंशांवर जाऊन आपोआप मंद व्हायचा. आता तो ८२ वर थांबला. एक रुपया खर्च न करता १३ अंश! हीट ट्रान्सफरमध्ये चांगले मार्क मिळवलेले आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो.

मग कागद-पेन घेऊन गणित केलं, जे खरेदीच्या आधी करायला हवं होतं. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जोरात असतील तर आमचं मशीन सुमारे ३०० वॉट खातं. आतून जाणारी हवा १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर हवेचा विशिष्ट उष्मा १००५ धरून सेकंदाला साधारण ०.०३ किलो हवा लागते. आमच्याकडच्या गरम हवेची घनता १.१ धरली, की झाले २७ लिटर. म्हणजे दर सेकंदाला पाण्याच्या २० लिटरच्या जारपेक्षा जास्त हवा त्या डब्यातून गेली पाहिजे! फॅनच्या भाषेत सुमारे ५८ सीएफएम. खोक्यावर एकेका फॅनचा आकडा याच्या आसपास लिहिलेला असतो खरा, पण तो मोकळ्या हवेतला. पुढे काच आणि बाजूला बोटभर फट असली, की फॅन नुसता गरगरतो. तीन फॅन होते, म्हणून काय झालं?

दुसरी गोष्ट, कितीही फॅन लावा, आतली हवा रूमपेक्षा थंड होत नाही. रूमचं तापमान आपल्या हातात नाही. त्यावर कॅबिनेट किती अंश वाढवतं, एवढंच आपण निवडतो. आमच्या लॅबच्या अडगळीत २००५ च्या सुमाराची कॅबिनेट पडलेली आहेत, त्यांच्या बाजूच्या पत्र्याला प्लॅस्टिकचं नरसाळं दिसेल. २००४ मध्ये आलेले इंटेलचे प्रेस्कॉट पेंटियम ४ भलतेच तापायचे. तेव्हा इंटेलचा दंडक होता, की रूम ३५ अंश असेल तर प्रोसेसरच्या फॅनपाशी पोचणारी हवा ३८ च्या वर नको. बाहेरची हवा थेट प्रोसेसरवर आणायला ते नरसाळं. फक्त तीन अंशांची सूट! आमच्या काचेच्या महालाने किती घेतली असेल, देव जाणे.

तर दुकानात गेलात की मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढच्या पॅनेलवर धरा. आतून उजेड नीट दिसला तर हवाही जाईल. हवा पुढून आत, मागून आणि वरून बाहेर, हा सरळ रस्ता. आत ढकलणारे फॅन बाहेर काढणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटीफटीतून न शिरता फिल्टरवरच अडकते. फिल्टर स्क्रूड्रायव्हरशिवाय निघतो का ते तिथेच काढून बघा. नाही निघाला तर तुम्ही तो कधीच धुणार नाही, मी लिहून देतो.

जागेचं मात्र टेपनेच मोजा, अंदाजाने नको. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४. ग्राफिक्स कार्ड २४० पासून ३३० मिमीच्या पुढेपर्यंत लांब असतात, आणि पुढे फॅन लावले की तेवढी जागा कमी होते. उभा टॉवर कूलर १५५-१६० मिमी उंच असतो. तो मावला नाही तर बाजूचा पत्रा लागतच नाही. मदरबोर्डच्या मागे वायरी दडवायला दोनेक सेंटिमीटर हवेत, नाहीतर त्यांचा गुंता हवेच्या वाटेत बसतो. आणि कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणारा एसएमपीएस घेऊ नका. तो वेगळा, नीट बघून घ्या.

घरी त्या लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात हे सगळं कोंबलंत तर मेहनत वाया. गादीवरही ठेवू नका, खालून एसएमपीएसचा श्वास कोंडतो. विदर्भातल्यांसाठी खास: रूममध्ये कूलर जरूर लावा, पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. थेंब उडतात आणि आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार आत बसतो.

आम्ही काचेच्या जागी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा चिकटवला, मागे एक फॅन वाढवला आणि मधले निकाल दर तासाला साठवायला लावले. सिम्युलेशन रिव्ह्यूच्या आदल्या रात्री पूर्ण झालं. गाइड सरांनी जाळीकडे बघून विचारलं, "हे काय?" पार्टनर म्हणाला, "सर, इनलेट बाउंड्री कंडिशन."

ती काच आमच्या रूमवरच आहे. त्यावर चहाचे कप ठेवतो.