टायरवर वाचवलेले सात हजार: स्वस्त टायर कुणाला परवडतो, कुणाला नाही

पावसाळा तोंडावर आला की ओळखीच्या माणसांकडून एक प्रश्न हमखास येतो. गाडीचे टायर बदलायचे आहेत. दुकानदार म्हणतो मोठ्या नावाचा घ्या, आणि त्याच मापाचा दुसरा टायर दीड-दोन हजारांनी स्वस्त समोर ठेवतो. चार टायर म्हणजे सहा-सात हजारांचा फरक. आपल्या घरांत एवढ्या पैशांत मुलाची वर्षाची वह्या-पुस्तकं आणि ट्यूशनची थोडी फी निघते. मग घ्यायचा कुठला?

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही जुनी गाडी घेतली आणि तिच्यावर चार वापरलेले टायर चढवले. नक्षी चांगली दिसत होती, किंमत नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. काही महिन्यांनी एका रात्री अम्मीला घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात निघालो. गेवराईच्या अलीकडे मागचा टायर गेला. वेग कमी होता, अल्लाहचा करम, गाडी कडेला लागली. रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानातला पोरगा पाना घेऊन आला, टायर उतरवून आतून हात फिरवला आणि म्हणाला, "मास्टर, ये टायर नहीं, टायर का छिलका है." आतल्या बाजूला, कडेच्या भिंतीवर, जुना पॅच होता. बाहेरून कुणाला दिसला नसता.

त्या मुलाकडून टायरबद्दल जेवढं शिकलो तेवढं कुठल्या शोरूममध्ये शिकलो नाही. "पंक्चरवाला" हा शब्द आपल्या पोरांना टोमणा म्हणून ऐकावा लागतो. पण बीड-गेवराई रस्त्यावर रात्री अकरा वाजता त्या पोराची समज किती मोलाची असते, हे गाडीत पेशंट असलेल्यालाच कळतं. असो.

"स्वस्त" म्हणजे नेमकं काय

बाजारात "स्वस्त टायर" या एकाच नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

पहिला म्हणजे कमी प्रसिद्ध कंपनीचा किंवा मोठ्या कंपनीच्याच साध्या श्रेणीतला नवा टायर. दुसरा वापरलेला. तिसरा रिमोल्ड, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला. चौथा कटिंग मारलेला: गुळगुळीत टायरवर गरम ब्लेडने पुन्हा खाचा पाडलेल्या, दिसायला नवा, पण आतल्या थरांवर रबरच उरलेलं नाही. ट्रक-बसचं रिमोल्डिंग चांगल्या कारखान्यात झालं तर तो वेगळा, मान्य धंदा आहे. पण घरच्या कारला शेवटचे तिन्ही प्रकार नकोत. तिथे कितीही वाचत असले तरी आमचं उत्तर नाही असंच आहे.

आता उरला पहिला, नवा साधा टायर. याच्याबद्दल विनाकारण भीती घातली जाते. भारतात कारचा नवा टायर विकायचा तर त्यावर आयएसआय मार्क असणं कायद्याने सक्तीचं आहे. कारच्या टायरचं मानक आयएस 15633, हा आकडा टायरच्या कडेवर असतो. वजन पेलणं, वेगात टिकणं, रबर-धाग्यांची ताकद, या चाचण्या त्यात येतात. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून परदेशातून येणारा स्वस्त मालही पूर्वीसारखा मोकळा येत नाही. त्यामुळे पक्क्या बिलावर घेतलेला, आयएसआय मार्कचा नवा टायर केवळ स्वस्त आहे म्हणून फुटेल, असं समजू नये. मोठं नाव म्हणजे परदेशीच असंही नाही. एमआरएफ, अपोलो, जेके, सिएट या आपल्याच कंपन्या आहेत, आणि गुडइयरचा कारखाना तर शेजारच्या वाळूजला आहे.

मग जास्त पैसे कशाचे? मुख्यतः दोन गोष्टींचे. एक, ओल्या रस्त्यावरची पकड. दुसरी, टायर किती किलोमीटर चालतो आणि गाडीचं किती इंधन खातो. रबराची अडचण अशी की ते कडक केलं तर जास्त चालतं पण पावसात घसरतं, आणि मऊ केलं तर पकडतं पण लवकर झिजतं. दोन्ही एकत्र साधायचं तर सिलिकासारखे महागडे घटक आणि संशोधन लागतं. स्वस्त टायर बनवणारा बहुधा कडक रबराकडे झुकतो, कारण गिऱ्हाईक विचारतं ते "किती चालेल?" एवढंच. ओल्या रस्त्यावर किती फुटांत थांबेल, असं विचारताना आम्ही कुणाला ऐकलेलं नाही.

हा फरक किती मोठा असू शकतो? युरोपात टायरवर पकडीची श्रेणी छापणं बंधनकारक आहे. तिथल्या जुन्या लेबलच्या हिशेबाने, ओल्या रस्त्यावर 80 च्या वेगात ब्रेक मारला तर सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या श्रेणीत सुमारे 18 मीटरचा फरक पडतो. अठरा मीटर म्हणजे चार गाड्या एकामागे एक. मांजरसुंब्याच्या घाटात, पहिल्या पावसात, पुढे उसाची नाही तर कडब्याची ट्रॉली असताना चार गाड्यांचं अंतर म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही 2022 मध्ये ओली पकड, इंधन आणि आवाज यांची किमान पातळी ठरवणारी अधिसूचना निघाली आहे, त्यामुळे अगदी तळाचा माल हळूहळू बाहेर पडेल. पण किमान म्हणजे किमान.

एक गोष्ट मात्र फुकट आहे. 100 ऐवजी 80 ने चाललात तर थांबायला लागणारं अंतर जवळपास एक तृतीयांशाने कमी होतं, टायर कुठलाही असो. महागडे टायर घालून 120 ने जाणाऱ्यापेक्षा साध्या टायरवर 80 ने जाणारा जास्त सुरक्षित असतो.

हिशेब कागदावर मांडू

समजा साधा टायर 3,800 चा आणि मोठ्या नावाचा 5,600 चा. चार टायरचे 15,200 आणि 22,400, फरक 7,200. समजा साधा 35 हजार किलोमीटर चालला आणि महाग 50 हजार. भागाकार केला तर साध्याचा खर्च किलोमीटरला 43 पैसे पडतो आणि महागाचा 45 पैसे. जवळपास सारखाच.

पण खरा मुद्दा पुढे आहे. आमच्यासारख्या नोकरदाराची गाडी शाळा, बाजार, लग्नकार्य आणि वर्षातून एखादा लांबचा सफर मिळून सहा हजार किलोमीटर चालते. पाच वर्षांत 30 हजार. तोवर साधा टायरही पूर्ण झिजलेला नसतो. मात्र मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीचं रबर वाळत जातं, बारीक चिरा पडतात, आणि पाच-सहा वर्षांनी टायर वयामुळे बदलावा लागतो. म्हणजे महाग टायरचे जास्तीचे 15 हजार किलोमीटर आपल्याला कधी वापरायलाच मिळत नाहीत. अशा घराला नवा, चांगल्या भारतीय कंपनीचा मध्यम टायर पुरे. सात हजार वाचवले तर तो कंजूषपणा नव्हे.

टॅक्सी किंवा भाड्याची गाडी चालवणाऱ्या आपल्या भावांचं गणित उलटं आहे. वर्षाला 40 हजार किलोमीटर धावणारी गाडी महाग टायरचा पैसा पुरता वसूल करते. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध 10 टक्क्यांनी घटला तर इंधनात साधारण एक ते दोन टक्के वाचतात, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. लिटरला 16 चं अ‍ॅव्हरेज धरलं तर वर्षाचे 2,500 लिटर, आणि दोन टक्के म्हणजे 50 लिटर. शिवाय गाडीत बसलेली सात माणसं त्याची अमानत आहेत. जे वारंवार रात्री, भरल्या गाडीने, जालन्यावरून समृद्धी महामार्गाला लागून नागपूर-मुंबई करतात, त्यांनीही टायरमध्ये काटकसर करू नये.

त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुन्या करासह 4,500 ला मिळणारा टायर, मूळ किंमत तीच राहिली तर, साधारण 4,150 ला पडायला हवा. दुकानदाराला बिल मागा आणि करचा आकडा वाचा.

टायर फुटतो कशाने

अपघात झाला की पहिलं वाक्य येतं, "टायर फुटला." 1 जुलै 2023 ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून 25 जणांचा जीव गेला, तेव्हाही चालकाने हेच सांगितलं होतं. परिवहन विभागाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. पण टायर खरंच फुटतातही. त्याच वर्षी समृद्धीच्या नाक्यांवर टायर तपासणी सुरू झाली आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवण्यात आल्या.

फुटण्यामागे बहुतेक वेळा ब्रँड नसतो, उष्णता असते. हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि उठते. तार वाकवून वाकवून तापते आणि तुटते, तसंच. वर पाच सीटच्या गाडीत आठ माणसं, डिकीत निकाहची भांडी, मे महिन्याची दुपार आणि शंभरचा वेग. अशा वेळी सर्वात महागडा टायरही कधी तरी हार मानतो.

आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून चार पॉइंट कमी भरावी. हे उलट आहे, आणि धोक्याचं आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी हवेचे आकडे दिलेले असतात. टायर थंड असताना, म्हणजे सकाळी निघण्याआधी, तेवढी हवा ठेवायची. चालताना थोडी वाढणार, ते कंपनीने धरलेलं असतं. महिन्यातून दोनदा हवा तपासणं हे महाग टायर घेण्यापेक्षा मोठं काम आहे. नायट्रोजनचा आग्रह धरू नका. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो. सफरची दुआ आपण सगळे वाचतो; उंट आधी बांधायचा, हेही सगळ्यांना माहीत आहे.

दुकानात उभे असाल तर किमतीआधी टायरची कड वाचा. तिथे एका लंबगोलात चार आकडे असतात. 1425 म्हणजे 2025 सालचा चौदावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला "ऑफर"चा टायर म्हणजे आयुष्य आधीच खर्च झालेला टायर. मग मापाशेजारचा आकडा पाहा: 88 असेल तर एका टायरवर 560 किलो, 82 असेल तर 475 किलो. गाडीला मूळ जो आकडा होता त्यापेक्षा कमी घेऊ नका, सात सीटच्या गाडीला तर मुळीच नाही. आणि झीज बघायला खाचांच्या तळाशी छोटे रबरी उंचवटे असतात; नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की 1.6 मिलीमीटरची कायदेशीर मर्यादा संपली. पावसासाठी आम्ही म्हणू, तिथवर थांबूच नका.

चारऐवजी दोनच टायर बदलायची ऐपत असेल तर बहुतेक दुकानं नवे टायर पुढे लावतात. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र मागे लावण्याचा आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की सावरते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते, आणि मग आपल्या हातात काही राहत नाही. मेकॅनिक हसला तरी आग्रह धरा.

शेवटी डिकी उघडा. स्टेपनीकडे कुणी बघत नाही. हा लेख लिहिताना आम्ही आमची बाहेर काढली. नक्षी एकदम नवी, एकदाही रस्त्याला न लागलेली, आणि कडेवर आकडा 1714. ती पुढच्या पगारात बदलायची आहे. तोवर गेवराईच्या पुढे जायचं नाही, असं घरात ठरलं आहे.