जुन्या मोटारीची पारख

पूर्वी शेतकऱ्याच्या घरातील सर्वांत मोठी खरेदी म्हणजे बैलजोडीची. बेल्हे किंवा चाकण येथील बाजारात गेलेला जाणता शेतकरी शिंगांच्या रंगाला आणि पाठीवरच्या झुलीला भुलत नसे. तो बैलाचे तोंड उघडून दात पाही. बैल दोनदाती आहे, चारदाती आहे की जुळलेला आहे, यावरून त्याच्या वयाचा अंदाज बांधी. खूर उचलून पाही, खांद्यावरून हात फिरवी आणि शेवटी त्याला चालवून बघे. विकणाऱ्याचे बोलणे तो ऐकून घेई. पण निर्णय मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरच घेई. काळ बदलला. आज अनेक घरांत बैलजोडीची जागा लहान मोटारगाडीने घेतली आहे. परंतु पारखीची गरज काही संपलेली नाही.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन शेजारी तालुके पाहा. शिरूर गाव घोड नदीच्या काठी, पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. दौंड हे भीमेच्या काठचे मोठे रेल्वे जंक्शन आहे. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती आहेत, तर भोवताली उसाचे मळे आणि साखर कारखाने आहेत. येथील कोणी कारखान्यात पाळीवर जातो, कोणी भाजीपाला बाजारात पोहोचवतो, तर कोणाला रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन दवाखाना गाठावा लागतो. अशा कुटुंबाला लहान मोटार ही चैनीची वस्तू वाटत नाही, सोयीची वाटते. नवी गाडी घेण्याइतका पैसा मात्र प्रत्येकाजवळ नसतो. मग उसाच्या बिलातून किंवा पगारातून चार वर्षे शिल्लक टाकलेली रक्कम घेऊन माणूस जुन्या गाडीच्या शोधात निघतो. ही रक्कम पुन्हा लवकर उभी राहणारी नसते, म्हणून तिचा उपयोग विचारपूर्वक व्हायला हवा.

आपल्या देशात लहान मोटारीचे युग खऱ्या अर्थाने १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाले. त्या महिन्यात मारुती ८०० ही गाडी प्रथम ग्राहकांच्या हाती पडली. पुढे १९९८ मध्ये सँट्रो आणि इंडिका आल्या व २००० मध्ये अल्टो आली. त्यामुळे आज जुन्या लहान गाड्यांचा बाजार मोठा आहे आणि निवडीला वाव आहे. जेथे निवडीला वाव असतो, तेथे फसगतीलाही वाव असतो. ‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण या बाजारात पदोपदी आठवते.

गाडीची परीक्षा कागदांपासून सुरू करावी. जमीन घेताना आपण आधी सातबारा पाहतो. बांधावर उभे राहून पीक किती जोमदार आहे एवढेच पाहून इसार देत नाही. मोटारीचा सातबारा म्हणजे तिचे नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला लोक आरसी बुक म्हणतात. त्यावरील चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. चासी क्रमांक सतरा अक्षरांचा व अंकांचा असतो. तो घासलेला किंवा पुन्हा कोरलेला दिसला, तर तेथूनच परत फिरावे. गाडी कर्जावर घेतलेली असल्यास नोंदणीत वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटले, असे नुसते सांगून बोजा उतरत नाही. त्यासाठी वित्तसंस्थेचा ना हरकत दाखला आणि परिवहन कार्यालयातील नोंद आवश्यक असते. विम्याची मुदत, प्रदूषण तपासणीचा दाखला आणि थकलेल्या दंडाच्या पावत्याही पाहाव्यात. शासनाच्या ‘वाहन’ नोंदवहीत गाडीचा क्रमांक घातला, की यांपैकी पुष्कळ माहिती आता घरबसल्या पडताळता येते.

खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षे टिकते. त्यानंतर गाडी तपासून घेऊन पाच-पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे एक कारण यात दडलेले आहे. गाडीच्या वयाशी सुरक्षिततेचाही संबंध आहे. चालकासमोरील एअरबॅग सर्व नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त गाड्यांत ती नाही. अपघाताच्या क्षणी हा फरक पैशांत मोजता येत नाही.

कागदांनंतर गाडीचे अंग पाहावे. हे काम भर दिवसा, उघड्यावर करावे. संध्याकाळच्या मंद प्रकाशात व नुकत्याच धुतलेल्या पत्र्यावर दोष लपतात. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्या कडांमधील फटी सर्वत्र सारख्या आहेत का, रंगाची छटा कोठे बदलली आहे का, हे एका बाजूने वाकून पाहावे. पत्रा ठोकून सरळ केल्यावर रंगारी त्यावर लांबी भरतात. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवले, तर जाड लांबी भरलेल्या जागी ते नीट चिकटत नाही. किरकोळ ओरखडा बुजवलेला असला, तर त्यात काही वावगे नाही. परंतु बॉनेटखालच्या मुख्य पट्ट्या वाकलेल्या किंवा नव्याने जोडलेल्या दिसल्या, तर गाडीला मोठा अपघात झाला होता असे समजावे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखणे अधिक कठीण असते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी आणि सांगली-कोल्हापूर भागात २०१९ च्या ऑगस्टमध्ये असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून दूरच्या बाजारात विक्रीला येऊ शकते. तिच्यातील विजेच्या तारा मात्र हळूहळू कुजत राहतात. म्हणून पायाखालचा गालिचा उचलून पाहावा, आसनाखालच्या लोखंडी पट्ट्यांवर गंज आहे का ते बघावे आणि सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाला चिखलाचा डाग आहे का ते तपासावे. कितीही धुतले, तरी तेवढी जागा बहुधा विसरली जाते.

टायरही बोलका साक्षीदार आहे. त्याच्या कुशीवर चार अंकांची एक खूण असते. ती ‘३५२१’ अशी असेल, तर तो टायर २०२१ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात तयार झाला, असा तिचा अर्थ. टायर एकाच कडेने झिजलेला असेल, तर चाकांची जुळणी बिघडलेली आहे किंवा खालचे सांधे ढिले झाले आहेत, असे मानावे. आपल्या भागात आणखी एक काळजी घ्यावी. शेतरस्त्यांवर ट्रॅक्टर आणि ऊसगाड्या यांच्या चाकोऱ्या पडून मधला उंचवटा लहान मोटारीच्या पोटाला लागतो. म्हणून गाडी उचलून तिच्या तेलाच्या चेंबरला पोच किंवा भेग आहे का, हे जरूर पाहावे.

आता मीटरकडे वळू. किती किलोमीटर गाडी चालली, हे मीटर सांगतो. परंतु मीटर मागे फिरवता येतो. म्हणून त्याचे म्हणणे इतर खुणांशी ताडून पाहावे. शिरूरहून पुण्यास नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याची गाडी दिवसाला सुमारे १३० किलोमीटर धावते. वर्षातील अडीचशे दिवस धरले, तरी हे अंतर ३२,५०० किलोमीटर होते. अशा वापरातील पाच वर्षांच्या गाडीचा मीटर ४०,००० दाखवत असेल आणि तिच्या पायपट्ट्यांचे रबर मात्र झिजून गुळगुळीत झाले असेल, तर काय समजायचे ते उघड आहे. सर्व्हिसिंगच्या पावत्यांवर त्या-त्या वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात. त्या मागून घ्याव्यात. येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. कमी चाललेली गाडी नेहमीच चांगली असते, असे नाही. वर्षानुवर्षे अंगणात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर कडक होते, बॅटरी मरते आणि उंदीर तारा कुरतडतात. वेळच्या वेळी तेल बदललेली, सरळ रस्त्यावर पुष्कळ चाललेली गाडी तिच्यापेक्षा अधिक निरोगी असू शकते.

तिसरी परीक्षा चालीची. गाडी पाहायला गेल्यावर प्रथम बॉनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले, तर आपण येण्यापूर्वीच इंजिन चालू करून ठेवले होते, हे कळते. पुष्कळ दोष थंड इंजिन सुरू होतानाच प्रकट होतात. म्हणून ते थंड होईपर्यंत थांबावे. इंजिन सुरू झाल्यावर धुराकडे लक्ष द्यावे. निळसर धूर निघाला, तर वंगणतेल जळत आहे; काळा धूर निघाला, तर इंधन नीट जळत नाही. थंडीच्या सकाळी क्षणभर पांढरी वाफ दिसणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर इंजिनाला थंड ठेवणारे पाणी आत झिरपत असावे. ही दुरुस्ती फार खर्चाची असते.

त्यानंतर गाडी निदान दहा-पंधरा किलोमीटर चालवावी. शिरूरहून न्हावऱ्याच्या दिशेने किंवा दौंडहून कुरकुंभच्या दिशेने गेल्यास वेगाचा रस्ता, गावातील गतिरोधक आणि थोडा खडबडीत भाग, असे सर्व प्रकार मिळतात. सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये वेग वाढवताना इंजिनाचा आवाज चढला, पण गाडीचा वेग मात्र तसा वाढला नाही, तर क्लच झिजला आहे. मोकळ्या रस्त्यावर बेताने ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यातून जाताना खालून खडखड ऐकू येते का आणि तापमानाचा काटा स्थिर राहतो का, हे पाहावे. परत आल्यावर गाडीखाली डोकावावे. वातानुकूलनाचे स्वच्छ पाणी टपकणे हा दोष नाही. तेलाचे थेंब मात्र दोषच होत. गाडी सीएनजीवर चालणारी असल्यास तिच्या टाकीच्या तपासणीची तारीख पाहावी. ही तपासणी दर तीन वर्षांनी करावी लागते.

सामान्य माणसाला हे सर्व साधेलच असे नाही. म्हणून ज्याचा विकणाऱ्याशी काही संबंध नाही, असा जाणता मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी. त्याच्याकडून सुट्या भागांचीही माहिती घ्यावी. फियाट कंपनीची पुंटो ही लहान गाडी शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या कारखान्यातच तयार होत असे. परंतु २०१९ मध्ये भारतात त्या नावाने मोटारी विकणे बंद झाले. गाडी उत्तम असली, तरी तिचे भाग कोठे आणि किती दिवसांत मिळतील, हे म्हणूनच आधी विचारावे लागते.

यानंतर हिशेब मांडावा. समजा, एका गाडीची किंमत १,८०,००० रुपये आहे. पण तिला चार टायरसाठी १६,०००, बॅटरीसाठी ४,५०० आणि क्लचसाठी ७,५०० रुपये लागणार आहेत. म्हणजे ती २,०८,००० रुपयांना पडते. शेजारी उभी असलेली २,००,००० रुपयांची निर्दोष गाडी तिच्याहून स्वस्त आहे. ‘आणखी दोन गिऱ्हाईके संध्याकाळी येणार आहेत’ असे ऐकताच घाईने इसार काढून देणे म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधण्यासारखेच होय.

पैसे दिले आणि किल्ली हाती आली, म्हणजे व्यवहार संपला, असे पुष्कळांना वाटते. कायदा तसे मानत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास तसे कळवावे लागते. त्यासाठी २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने भरतात. दौंडच्या गाड्यांचे पासिंग बारामतीच्या कार्यालयात, म्हणजे एमएच ४२ या क्रमांकाने होते. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. गाडी दुसऱ्याच्या हाती गेली, पण नोंदणीत जुनेच नाव राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी नोंदणीतील मालकच जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. तेव्हा नाव बदलण्यात जेवढे हित घेणाऱ्याचे आहे, तेवढेच विकणाऱ्याचेही आहे.

एवढी बारकाईने चौकशी केली, तर विकणाऱ्यास वाईट वाटेल, असा संकोच काहींच्या मनात येतो. परंतु प्रामाणिक विकणारा अशा चौकशीला भीत नाही. तो पावत्या पुढे ठेवतो, दोष स्वतःहून सांगतो आणि मिस्त्रीला खुशाल पाहू देतो. जो कागद उद्या देतो म्हणतो, गाडी चालवू देत नाही आणि पैशांची मात्र आजच घाई करतो, त्याला नम्रपणे नमस्कार करून रिकाम्या हाताने घरी परतावे. तेवढ्याने काही बिघडत नाही. गाडी दुसरीही मिळते. पण चार वर्षांची शिल्लक एकदा गेली, की ती जमवायला पुन्हा चार वर्षे लागतात.